तारांची राख

मालनबाईच्या हातून काही वाया जात नसे आणि या गोष्टीचा तिला गर्व होता. गरिबानं गर्व करायचा तर तो कशाचा करायचा? लुगडं फाटलं की त्याची वाकळ, वाकळ विटली की तिची पोतेरी. भाताची पेज शेळीला, शेळीच्या लेंड्या परसातल्या दोडक्याच्या वेलाला. कनेरगाव नाक्यावरच्या बौद्धवाड्यातलं शेवटचं घर तिचं. पुढं हिंगोली-वाशिमचा रस्ता आणि त्यावर ट्रकवाल्यांचे ढाबे, मागं पडीक आणि नाला.

तिचा नवरा भिवाजी विहिरी खोदायच्या कामावर जायचा. त्र्याण्णव साली दरड अंगावर येऊन त्याचा पाय मोडला आणि जुळला तो वाकडाच. खणायचं काम सुटलं. मग त्यानं जुनी सायकल घेतली, मागं दोन पोती बांधली आणि गावोगाव भंगार गोळा करू लागला. पहिली चार-पाच वर्षं लोखंड, बाटल्या, फुटकी बादली असला माल मिळायचा. त्यात पोट भरायचं, पण अर्धंच.

पुढं लोकांच्या घरात टीव्ही आले, टेप आले, आणि आले तसे बिघडूही लागले. हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण झालं, कचेऱ्या वाढल्या, दुरुस्तीची दुकानं निघाली. दुकानदार आधी दुरुस्त करायचा, मग नाही म्हणायचा, आणि ज्याला नाही म्हटलं ते भिवाजीच्या कॅरियरवर यायचं. टीव्हीची खोकी, टेलिफोनच्या केबली, जळालेल्या मोटारी, पुढं पुढं तर कॉम्प्युटरचीही डबडी. यात तांबं असतं, हे नाक्यावर सगळ्यात आधी मालनबाईला कळलं.

तांबं घेणारा पुनमचंद. हिंगोलीत त्याचं मोठं आवार होतं आणि आवारात तुळस होती. पहिल्या खेपेला त्यानं केबलचं वेटोळं हातात घेऊन परत टाकलं.

"रबरासकट नाही चालत, मालनबाई. साफ तांबा लाव. खड्डा खोद, पेटवून दे, रबर आपोआप जातो."

"हितंच पेटवू का, शेठ?"

"इथं कशाला? घरी कर."

शहाणा माणूस. त्याच्या आवारातून सात-आठ वर्षांत कधी धूर निघाला नाही. धूर कुठं निघावा हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

घरामागं मालनबाईनं कंबरभर खड्डा खणला. खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा थर, त्यावर तारांची वेटोळी, वर टीव्हीतल्या त्या हिरव्या पाट्या, ज्यांच्यावर टाक्यांनी बारीक बारीक मणी बसवलेले असतात. दिवस कलला की पेटवायची. धूर काळा, जड, वर जायला मागत नसे. परसातच फिरायचा, दोडक्यावर बसायचा, घशात गोडसर आणि खवखवीत उतरायचा. मालनबाई नाकाला पदर लावून काठीनं वेटोळी उलटी करत बसायची. सकाळी खड्डा निवला की वरची तार काढायची आणि खालचं सगळं चाळणीतून चाळायची. त्यात तांब्याचे थेंब सापडायचे, पाट्यांवरून वितळलेले, टाक्यांच्या रांग्याचे मणी सापडायचे. आणि चाळणीखाली उरायची राख. पिठासारखी मऊ, करडी, पायलीभर.

आता ती राख टाकायची कशी? टाकवेना. आधी तिनं भांडी घासून पाहिली, पितळ लखलखलं. मग मुगाचे दिवस आले. आपल्याकडं मूग, चवळी, मटकी राखेत घोळून मडक्यात भरून ठेवायची रीत आहे, म्हणजे भुंगा लागत नाही. गोवरीची राख घेतात. मालनबाईनं खड्ड्यातली घेतली. दिवाळीला शेजारच्या भिकाबाईनं आपलं मडकं उघडलं तर मुगाचं नुसतं पीठ आणि वर भुंगे चालताहेत. मालनबाईच्या मडक्यात एक किडा नाही. पुढच्या सालीही नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही.

"काय टाकतीस ग ह्याच्यात?" भिकाबाईनं विचारलं.

"माझ्या हाताला गुण हाय," मालनबाई म्हणाली आणि हसून तिला शेरभर राख दिली.

झालं. भिकाबाईला सांगणं आणि गावात दवंडी देणं सारखंच. वाड्यातल्या वीस-बावीस घरांत मालनबाईची राख गेली. आणि खरं सांगायचं तर तिचा ऊर भरून आला तो याच्या पुढं. ज्या घरांनी तिच्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं, त्या घरांतूनही राखेसाठी डबे येऊ लागले. गडी डबा घेऊन यायचा, "मालकिणीनं मागितलीय" म्हणायचा. मालनबाई डबा दाबून भरायची. पैसा तिनं कधी घेतला नाही. मान मिळत होता, तो तिला पुष्कळ होता.

तिला तीन लेकरं झाली आणि त्यांतली एकच राहिली, करुणा. दोन हजार साली करुणाचं लग्न झालं. गोरेगावचा मुलगा, रत्नपाल. गोरेगाव-सेनगाव जीप चालवायचा. सासू जिवनबाई तोंडाची तिखट, पण जेवू घालण्यात हात आखडणारी नव्हती. पुढच्या वर्षी करुणाला दिवस गेले आणि पहिलटकरीण म्हणून ती चौथ्या महिन्यातच माहेरी आली.

तिला डोहाळे लागले राखेचे. यात नवल काही नव्हतं. कुणाला चिंच लागते, कुणाला भिंतीची माती, कुणाला भाजलेली खापरी. गरवार बाईचा जीव ज्यावर गेला ते तिला द्यावं, नाही तर लेकराच्या तोंडाची लाळ थांबत नाही, असं मालनबाईच्या आईनं तिला सांगितलं होतं आणि तिच्या आईला तिच्या आईनं. आई डोहाळे पुरवते, त्यातच तिचं आईपण.

"चुलीतली नको, आई," करुणा म्हणायची. "खड्ड्यातली दे. ती गोडूस लागती."

"गोडूस," मालनबाई हसायची. "राख कुठं गोड असती का, येडे?"

पण द्यायची. लेकीला खडा लागू नये म्हणून ती राख लुगड्याच्या पदरातून दोनदा गाळायची. डबी भरून उशाशी ठेवायची. चिमूट-चिमूट करत करुणा डबी चार दिवसांत संपवायची.

आठव्या महिन्यात मूल झालं ते निर्जीव. निळं पडलेलं, एवढंसं. वाड्यातल्या बायका म्हणाल्या, पहिलं कधीकधी जातं. मालनबाईनं लेकीला उभं केलं, बाळंतिणीचं सगळं केलं आणि सासरी पाठवली. जाताना मुगाचं गाठोडं दिलं, तुरीचं दिलं.

दोन वर्षांनी बंटी झाला. या वेळी करुणा सासरीच होती आणि मालनबाई महिन्याला एक डबी जीपवाल्याच्या हाती गोरेगावला धाडायची. पोरगं जिवंत आलं म्हणून साखर वाटली. पण ते काही सरळ वाढेना. मान धरायला आठ महिने लागले. पोट धरून रडायचं, तासतास रडायचं. दोन वर्षांचं झालं तरी तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या वर्षी त्याला झटके येऊ लागले. डोळे वर जायचे, हातपाय ताठ व्हायचे, आणि करुणा त्याला मांडीवर दाबून धरून बसायची.

जिवनबाईनं पहिलं वर्ष सोसलं. मग तिची जीभ सुटली.

"एक मेलेलं काढलं, एक असं काढलं. सुनेची कूसच खोटी हाय. माझ्या एकुलत्या एका लेकाचा वंश काय असाच बुडवायचा?"

दोन हजार सहाच्या होळीनंतर तिनं करुणाला लेकरासकट माहेरी आणून घातलं. पोरगं बरं झालं तर आणा, म्हणाली, नाही तर फारकतीचं बघू. रत्नपालसाठी कळमनुरीकडची एक मुलगी बघून झाली आहे, हेही कानावर आलं. रत्नपाल वाईट नव्हता. जीप रिकामी असली की नाक्यावर यायचा, मुक्काम करायचा, लेकराला खेळवायचा. पण आईपुढं त्याचा आवाज निघत नसे.

आणि माहेरी बंटी आणखीच बिघडला. बिघडणारच. खड्ड्याच्या काठाला रांगायचा, तीच माती मुठीनं तोंडात घालायचा. कुणी अडवलं नाही, कारण अडवावं असं त्यात कुणाला काही दिसलंच नाही.

घरात दुसरंही बिनसलेलं होतं. मालनबाईच्या पोटात कळ उठायची आणि ती गुडघे पोटाशी घेऊन बसायची. भिवाजीचा उजवा पंजा मनगटातून लोंबू लागला होता. सायकलचा ब्रेक दाबता येईना. लोक म्हणाले, दारू. भिवाजीनं दारूला उभ्या जन्मात शिवलेलं नव्हतं.

"कुनीतरी करनी केली तुमच्यावर," भिकाबाई म्हणाली. "देवऋषाकडून अंगारा आना."

"आमच्या घरात अंगारा येत न्हाई," भिवाजी म्हणाला. "बाबासाहेबांनी ते सारं सोडायला लावलं. दवाखान्यात जाऊ." खरं बोलला. चिमूटभर अंगारा त्यानं उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, आणि घरात पायलीनं राख होती.

एप्रिलात ते सगळे नांदेडला मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं बंटीला उलटंपालटं करून पाहिलं, रक्त काढून मुंबईला पाठवलं आणि महिन्यानं या म्हणाली. महिन्यानं करुणाला लेकरापाशी ठेवून मालनबाई आणि भिवाजी दोघंच गेले. डॉक्टरणीपुढं कागद होता. तिनं तो बाजूला ठेवला आणि मालनबाईला तोंड उघडायला लावलं.

"हिरड्यांवर ही निळी रेघ कधीपासून आहे?"

"मिसरीची हाय, बाई."

"मिसरीची नाही. घरी धंदा काय करता तुम्ही?"

भिवाजीनं सांगितलं. तारा, पाट्या, खड्डा. डॉक्टरीण ऐकत होती. मग म्हणाली, लेकराच्या रक्तात शिसं सापडलंय आणि ते मोठ्या माणसाला झोपवेल इतकं आहे. तारांवरच्या त्या रबरात शिसं असतं, पाट्यांच्या रांग्यात असतं. जाळलं म्हणून ते जात नाही, थोडं धुरात जातं आणि बाकीचं खाली बसतं.

"ती राख कुठं टाकता?"

मालनबाईला प्रश्नच कळला नाही. "टाकत न्हाई," ती म्हणाली. "राख कोन टाकतं, बाई?"

मग डॉक्टरीण एकेक विचारत गेली आणि मालनबाई एकेक सांगत गेली. भांडी. मूग. शेजारीपाजारी. शेवटी डॉक्टरणीनं विचारलं, मुलाची आई गरोदर असताना काही वेगळं खात होती का? मालनबाईनं डबीचंही सांगितलं. डॉक्टरणीनं नंतर सगळं सांगितलं. गोळ्या मागवू, झटके कमी होतील. जे गेलं ते मात्र परत येणार नाही, पोरगं इतरांसारखं होणार नाही. त्या घरापासून, त्या मातीपासून लांब ठेवलं तर आहे तेवढं टिकेल.

परतीच्या एसटीत कळमनुरी आल्यावर भिवाजी हळूच म्हणाला, "पुढल्या ऐतवारी गोरेगावात फारकतीची बैठक हाय. तिथं राखेचं बोलू नको. कागद दाखवू. शिसं निघालं म्हनू. कुठून आलं ते कोन इचारतं? पोरगी तरी तोंड दाखवंल आपल्याला."

मालनबाईला आठवत होतं ते एवढंच, की राख आपण दोनदा गाळली होती. एकदा गाळून भागलं असतं. तिनं दोनदा गाळली, लेकीला खडा लागू नये म्हणून.

घरी आल्या आल्या तिनं सगळी राख खड्ड्यात लोटली आणि वर माती ओढली. करुणानं विचारलं तर "धंदा बंद केला" एवढंच म्हणाली. मग ती वाड्यात घरोघर गेली. मूग फेका, तूर फेका, भांडी पानी घालून घासा, असं सांगत फिरली. लोकांना वाटलं, पोराच्या दुखण्यानं बाईचं डोकं फिरलं.

"आगं, सा सालं झाली," भिकाबाई म्हणाली. "एक किडा न्हाई पडला."

"किडा मरतो तिथं मानूस कसा जगंल, भिका?"

"आमी धुवून खातो."

काहींनी फेकलं, काहींनी नुसती मान डोलावली. ज्या मोठ्या घरांतून डबे यायचे, त्यांच्या दारात तिला उभंही केलं नाही. तुझी राख संपली असेल, म्हणून हे नाटक, असं एका मालकिणीनं आतूनच सांगितलं. पुनमचंदला निरोप गेला की मालनबाई आता तारा जाळणार नाही. त्यानं कारणही विचारलं नाही. आठवड्याच्या आत त्याचा माल दुसऱ्या एका गावात, दुसऱ्या एका बाईच्या परसात जळू लागला.

रविवारी दुपारी गोरेगावच्या विहारात बैठक बसली. समाजाची पाच-सात वडील माणसं, एका बाजूला जिवनबाई आणि रत्नपाल, दुसऱ्या बाजूला मालनबाई आणि भिवाजी. करुणा भिंतीला टेकून, बंटी मांडीवर. भिवाजीनं कागद पुढं केला. वडील माणसांतल्या एका निवृत्त मास्तरांनी तो वाचला आणि लेकराच्या रक्तात शिसं निघाल्याचं सांगितलं.

"शिसं म्हंजे काय ते मला कळत न्हाई," जिवनबाई म्हणाली. "माझ्या घरात ते न्हाई. रत्नपालला काई झालं न्हाई, मला न्हाई. मंग ते लेकराला आईच्याच पोटातून आलं ना? तेच तर मी म्हनून राहिले. हिच्या रक्तातच खोट हाय. मास्तर, तुमी फारकतीचं लिवा."

मास्तरांनी भिवाजीकडं पाहिलं. भिवाजीनं खाली पाहिलं. करुणा कुणाकडंच बघत नव्हती. तिनं बंटीच्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि तो हात तसाच होता.

"हिच्या रक्तात न्हाई," मालनबाई म्हणाली. भिवाजीनं तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला. "मी दिलं. तारा जाळायची ती राख मी हिला खाऊ घातली. दोनी खेपेला. तुमच्या घरी डब्या यायच्या, त्या त्याच. मुगात तीच, तुरीत तीच. पहिलं लेकरू त्यानंच गेलं. ह्याचं बी त्यानंच झालं. मला ठावं नव्हतं. पन दिलं मीच."

मास्तरांनी कागदाची घडी केली आणि भिवाजीच्या हातात परत दिली.

जिवनबाई पुढं सरकली. "म्हंजे सून चांगली हाय?"

"सून चांगली हाय."

"पुढचं लेकरू चांगलं व्हईल?"

"डॉक्टरीन म्हनली, लांब राहिली, नीट औषिद केलं, तर व्हईल."

जिवनबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या बघण्यात राग होता, आणि खरं तर थोडी सुटकाही होती. मग ती वडील माणसांकडं वळली. "लिवू नका फारकत. सून माझ्या घरी नांदंल. पन एक कबूल करा. आजपासून ती माहेरी जानार न्हाई. ह्या बाईनं आमच्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई. हिच्या हातचा कन बी माझ्या नातवाला नको."

मास्तर म्हणाले, हे जरा जास्त होतंय.

"जास्त न्हाई," मालनबाई म्हणाली. "बराबर हाय. मला कबूल हाय."

जीपच्या थांब्यावर भिवाजी पुढं जाऊन उभा राहिला. करुणा मागून आली, एकटीच. बंटीला तिनं रत्नपालकडं दिलं होतं. ती ओरडेल, तोंडावर थुंकेल, असं मालनबाईला वाटलं होतं आणि तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"दुसरा महिना हाय," करुणा म्हणाली. "अजून कुनाला सांगितलं न्हाई."

मालनबाईनं विचारलं, "खाल्लीस?"

"व्हय. लपून. तू खड्डा बुजवला त्या दिवसापर्यंत." तिचा आवाज अगदी साधा होता. "आता काई खावं वाटलं तर कुनाला सांगू, आई?"

सेनगावची जीप आली. भिवाजी डाव्या हातानं दार धरून थांबला होता.

"सासूला सांग," मालनबाई म्हणाली. "समदं सांग, लपवू नको. आन उद्याच्या उद्या नांदेडला घेऊन जा म्हनाव."

करुणानं मान हलवली आणि ती घराकडं वळली. मालनबाई जीपमध्ये बसली. हाक मारावी असं तिला फार वाटलं, पण तिनं मारली नाही.